एम.लिब. करून काय मिळालं ते सांगते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाला तुमच्या पेपरात एक छोटा लेख आला होता आणि पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र छापलंत, की हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये गूगल असताना कपाटातून पुस्तकं काढून देणाऱ्या माणसाला मास्टर्स डिग्री कशाला लागते, दहावी पास पुरे. वाचून आधी डोकं तापलं. मग दोन दिवसांनी वाटलं की त्या गृहस्थांना बोलून काय उपयोग, मी स्वतः या कामात असून दहा-बारा वर्षं तेच समजत होते. म्हणून लिहायला बसले. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त तेल्याचा, म्हणजे डाळिंबावरच्या रोगाचा, भाग तेवढा ठेवा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी अनुदानावरच्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. २००८ साली लागले तेव्हा बी.ए. होते, लग्न होऊन चार वर्षं झाली होती, धाकटा मुलगा कडेवर होता आणि कार्यवाह काका म्हणाले की संध्याकाळी चार तास बसायचंय, पुस्तकं द्यायची घ्यायची, वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, येशील का. आले. मग जिल्हा ग्रंथालय संघाचा सर्टिफिकेट कोर्स केला, कारण तपासणीला येणारे साहेब विचारतात की प्रशिक्षित माणूस कुठंय. पुढे मुक्त विद्यापीठातून बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, केलं, तेही खरं सांगायचं तर कागद हवा होता म्हणून. आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी एम.लिब.ला, म्हणजे त्याच विषयाच्या मास्टर्सला, ॲडमिशन घेतलं तेव्हा घरात सगळे हसले, सासूबाई म्हणाल्या आता काय कलेक्टर होणार का. (त्यांनीच नंतर अडीच महिने रोज सकाळी भाकऱ्या थापल्या, परीक्षा होईपर्यंत, ते पण लिहायला पाहिजे.)

आता या शिक्षणाबद्दल जे वाईट बोललं जातं त्यातलं बरंचसं खरंय हे आधीच कबूल करते. ज्याला कुठेच ॲडमिशन मिळत नाही तो बी.लिब.ला येतो असं म्हणतात, आमच्या वर्गात असे होतेच. झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट मिळतात, मी पहिली असाइनमेंट तशीच उतरवून दिली होती आणि पास पण झाले. आमच्या अभ्यासकेंद्रावर कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल म्हणजे एका कॉम्प्युटरभोवती वीसजण उभे आणि सर सांगतायत की इथे क्लिक केलं की असं होतं, समजा झालं. त्यामुळे डिग्री घेतली की माणूस शहाणा होतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण एम.लिब.ला एक बाई शिकवायला होत्या, रिटायर्ड, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की तुमच्यापैकी किती जणांच्या वाचनालयात पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली आहेत, आणि निम्म्याहून जास्त हात वर गेले, माझाही. त्या म्हणाल्या म्हणजे तुम्ही वाचनालय चालवत नाही, गोडाऊन चालवता.

फार लागलं ते. आणि खरं होतं. दाखल क्रमांकाने लावायचं म्हणजे जे पुस्तक आधी विकत घेतलं ते आधी, नंतरचं नंतर, मग पाककृतीशेजारी ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरीशेजारी मोटर रिपेअरिंग. वाचकाने नाव सांगायचं, आम्ही रजिस्टरात शोधून नंबर काढायचा आणि कपाटातून आणून द्यायचं. वाचकाला कपाटापाशी सोडायचंच नाही, चोरी होते. नाव माहीत नसेल तर वाचक परत जायचा, आणि आम्ही म्हणायचो आजकाल कोणी वाचत नाही.

वर्गीकरण, म्हणजे विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावणं, बी.लिब.ला शिकले होते की मी, ड्युईचे आकडे पाठ करून पेपर लिहिला होता. पण तेव्हा असं वाटायचं की हे परीक्षेचं आहे, वाचनालयाचं नाही. आणि एका अर्थाने त्याचं कारण त्या पद्धतीतच आहे. मेल्विल ड्युई अमेरिकेचा, पद्धत १८७६ ची, त्यामुळे इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचा ऐसपैस वाडा आणि आपलं मराठी साहित्य कुठे तर ८९१.४६, म्हणजे 'इतर भाषा' मधल्या एका खोलीतल्या कोपऱ्यात दशांश चिन्हाच्या पलीकडे. धर्माच्या आकड्यांतही तेच, बहुतेक जागा ख्रिश्चन धर्माला आणि भारतात जन्मलेले सगळे धर्म मिळून २९४. आमच्यासारख्या वाचनालयात दहातली सात पुस्तकं मराठी कथा-कादंबरी, त्या सगळ्यांच्या पाठीवर ८९१.४६३ लिहिलं तर वर्गीकरण करून मिळवलं काय? एम.लिब.च्या बाईंनी ड्युईचा मूळ ग्रंथ उघडून दाखवला की त्यातच सूट दिलेली आहे, आपल्या भाषेला छोटा आकडा द्या किंवा एखादं अक्षर लावून सगळ्यांच्या आधी आणा. बी.लिब.ला नियम शिकवला होता, नियम कुठे वाकवायचा ते इथे शिकले. आम्ही 'म' अक्षर घेतलं. त्याखाली कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, मग आडनावाची पहिली दोन अक्षरं. पेन्सिलीने लेबलं, घरून आणलेली फेव्हिकॉलची बाटली, मी आणि आमचे शिपाईमामा, आठ महिने. त्यानंतर कपाटं उघडी केली. चोरीला गेली का पुस्तकं? गेली, पहिल्या वर्षी अकरा. देवघेव किती वाढली त्याचा हिशेब रजिस्टरात आहे, कार्यवाह काका आता चोरीचा विषय काढत नाहीत एवढंच सांगते.

दुसरी गंमत लेखकांच्या नावांची. आमच्याकडे एक काकू फक्त कविता वाचणाऱ्या, त्यांना कुसुमाग्रजांची नाटकं पण आहेत का असं विचारायचं होतं, मी रजिस्टरात 'कुसुमाग्रज' काढलं, नाटक एकही नाही, नाही म्हणून सांगितलं. नाटकं होती ना, वि. वा. शिरवाडकर या नावाखाली. तसंच आरती प्रभू एका पानावर आणि चिं. त्र्यं. खानोलकर दुसऱ्या पानावर, एकच माणूस. याला शास्त्रात एक नाव आहे आणि त्याचे नियम आहेत, एक नाव प्रमाण धरायचं आणि बाकीच्या नावांवरून तिकडे बोट दाखवायचं, 'पाहा' अशी नोंद करून. मराठीत टोपणनावांचा एवढा सुकाळ की हा नियम खास आपल्यासाठीच केलाय की काय असं वाटतं. हे गूगल करेल म्हणता? गूगल करतं, कारण तिकडे कोणीतरी माणसाने बसून ही नावं एकमेकांना जोडून ठेवलीत म्हणून.

कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगते कारण तो सगळा वैतागच आहे. आमची जुनी यादी कोणीतरी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती नवीन कॉम्प्युटरवर उघडली की नुसते इंग्रजी अक्षरांचे किडे. ती युनिकोडमध्ये आणणं, मग कोहा नावाचं वाचनालयाचं फुकटचं सॉफ्टवेअर बसवणं (न्यूझीलंडच्या एका गावच्या लायब्ररीने बनवून घेतलेलं, २००० साली जगाला मोकळं केलं, आणि कोहा म्हणजे तिथल्या माओरी भाषेत भेट), तीनदा बसलं नाही, चौथ्यांदा बसलं तेव्हा लाइट गेली. माझा मुलगा आला मदतीला. तोच, २००८ साली कडेवर होता तो. पुढचं सोडा.

आता तेल्या. आमच्या भागात डाळिंब किती आहे ते तुमच्या वाचकांना माहितीये. एक दिवस एक शेतकरी आले, सभासद नाहीत, म्हणाले शेतीचं पुस्तक द्या. आधीची मी असते तर कपाटाकडे बोट करून 'शेती' म्हणून एक कसलं तरी १९८७ सालचं पुस्तक हातात दिलं असतं आणि माणूस 'थँक्यू मॅडम' म्हणून गेला असता. एम.लिब.ला संदर्भ सेवा म्हणून एक पेपर होता, त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय शिकवलं तर वाचक पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवं नसतं. म्हणजे तो खोटं बोलत नसतो, त्याला वाटतं वाचनालयात असंच मोघम मागायचं असतं. आपण विचारायचं, कशासाठी हवंय, आत्तापर्यंत काय काय बघितलंत. विचारलं. तर म्हणाले ताई फळावर डाग पडलेत, तेलकट, मग फळ तडकतंय, दुकानदार एकेकदा एकेक औषध देतो, दोन हंगाम गेले, यूट्यूबवर तर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. म्हणजे त्यांना शेतीचं पुस्तक नको होतं, त्यांना कोणावर विश्वास ठेवायचा ते हवं होतं.

सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासून, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि त्यांना ते माहीत होतं पण तिथलं साहित्य मराठीतसुद्धा मिळतं हे माहीत नव्हतं. ते काढून दिलं. मग कृषिकोश म्हणून कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे, सगळ्यांना उघडं, त्यात तेल्यावर प्रबंध आहेत, एकाचा सारांश मी इंग्रजीतून वाचून सांगितला. आणि मुद्दाम एक गोष्ट केली नाही ती म्हणजे कुठलं औषध मारा ते सांगितलं नाही, ते माझं काम नाही हे पण त्याच पेपरात शिकवलं. तेल्या हा जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही, एवढं त्या कागदांत स्पष्ट होतं आणि ते वाचून शेतकरी काका बराच वेळ गप्प बसले, कारण दोन हंगाम ते बुरशीनाशकच मारत होते. प्रिंटा घेऊन गेले ते केंद्रात. बाग वाचली का? अर्धी काढावी लागली. पण पुढच्या महिन्यात सभासद झाले, आणि आता त्यांच्या वस्तीवरचे आठ-दहा जण येतात आणि कोणी 'शेतीचं पुस्तक' मागत नाही, नेमकं मागतात.

हे मला गूगलने शिकवलं असतं का, त्या पत्रलेखकांना विचारायचंय. गूगल होतंच की त्या काकांच्या खिशात.

आपल्याकडे ग्रंथपाल म्हटलं की शि. रा. रंगनाथन यांचा फोटो लावून हार घालतात, १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्यासाठीच. पण त्यांची सुरुवात कोणी सांगत नाही. ते गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना त्या रिकाम्या खोलीत बसायचा एवढा कंटाळा आला की मला परत कॉलेजात शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. त्यांना सांगण्यात आलं की आधी लंडनला जाऊन या विषयाचं शिक्षण घेऊन या, आल्यावरही नको वाटलं तर बघू. गेले. तिथे शिकले, तिथली वाचनालयं पालथी घातली, एका दुकानात मेकॅनोचा, म्हणजे सुटे भाग जोडायचा, खेळ बघून त्यांना वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली असं सांगतात, परत आले ते कायमचेच. १९३१ साली त्यांनी ते पाच नियम मांडले जे आम्ही सगळे पोपटासारखे म्हणतो, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. म्हणजे बघा, ज्यांच्या नावाने हा दिवस करतो त्यांनासुद्धा शिकायला जाईपर्यंत हे काम म्हणजे खुर्चीवर बसून राहणंच वाटत होतं. माझं तर काय.

आणि त्याच्याही आधी सयाजीराव महाराज, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ बडोद्याला आणला आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग काढला. संस्थानातल्या गावोगावी वाचनालयं काढायची तर आधी ती चालवणारी माणसं शिकवली पाहिजेत हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळत होतं.

आता पैशाचं बोलते, कारण खरी खोच तिथे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली दहा हजारांहून जास्त वाचनालयं शासनमान्य आहेत, अ ब क ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, ढोबळमानाने त्यातलं निम्मं पगारावर आणि निम्मं पुस्तकं, भाडं, लाइट वगैरेवर. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. त्या वाढीने 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांचं ४८ हजार झालं. निम्मे पगाराला म्हणजे २४ हजार, बारा महिन्यांनी भागा, महिन्याला दोन हजार. त्यात माणसाने वाचनालय उघडायचं, झाडायचं, आणि वाचनसंस्कृती रुजवायची. आमचा 'ब' वर्ग त्यामानाने बरा, पण माझ्या पगाराचा आकडा इथे लिहीत नाही, मुलं वाचतात तुमचा पेपर.

आणि यात शिक्षणाला कुठेच जागा नाही. सर्टिफिकेटवाली आणि एम.लिब.वाली, अनुदानाच्या हिशेबात सारखीच. दाखला आणून दिला तेव्हा कार्यवाह काकांनी पेढे वाटले, मनापासून वाटले, पण ते तरी वाढ कुठून देणार. मग होतं काय, आमच्या एम.लिब.च्या बॅचमध्ये सार्वजनिक वाचनालयातून आलेले सहाजण होते. त्यातला एकजण सेट ही पात्रता परीक्षा पास होऊन कॉलेजात लागला, कारण कॉलेजच्या ग्रंथपालाला मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट असेल तर सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचं वेतन मिळतं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मी पण गेले असते. एक मुलगी पुण्यात एका कंपनीत पेटंट शोधायचं काम करते, म्हणजे ग्रंथालयशास्त्रच पण एसीत बसून. एकजण एका पेपरच्या संदर्भ विभागात आहे. दोघांनी हे क्षेत्रच सोडलं, एकाने मेडिकलचं दुकान टाकलं. वाचनालयात उरले मी एकटी. याला प्रोफेशनल ग्रोथ म्हणतात आणि त्या त्या माणसाची ती झाली पण, पण ज्या वाचनालयातून ते शिकायला आले तिथे परत कोण बसलं, तर कोणाचा तरी पुतण्या.

म्हणून माझं मागणं अगदी साधंय. पगारासाठीच्या अनुदानात बी.लिब. आणि एम.लिब. झालेल्या माणसासाठी वेगळी वाढ धरा, ती संस्थेला नाही, त्या माणसाच्या खात्यात जाऊ दे, तो असेपर्यंत. आणि विद्यापीठांनी ग्रंथालयशास्त्राच्या मुलांचं प्रॅक्टिकल कॉलेजच्या गुळगुळीत लायब्ररीत घेण्याऐवजी त्यांना महिनाभर आमच्याकडे पाठवावं. उघडलेली कपाटं, श्रीलिपीतल्या याद्या, वाळवी, सगळं आहे इथे, शिकायला काही कमी पडणार नाही. जेवणाची सोय मी करते.

सध्या केंद्र सरकारच्या 'एक देश एक सदस्यता' या संशोधन-नियतकालिकांच्या योजनेचा गाजावाजा आहे, ६ हजार कोटी, १३ हजारांवर जर्नल्स, ६,३०० सरकारी संस्थांना फुकट. चांगलंच आहे, मी एम.लिब. करत असताना असतं तर माझे किती हाल वाचले असते. पण त्या यादीत आमच्यासारखं वाचनालय नाही. म्हणजे त्या डाळिंबवाल्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एखाद्या जर्नलमध्ये असलं तरी ते माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. जे फुकट आणि मोकळं आहे तेवढ्यावर आम्ही भागवतो, आणि ते कुठे आहे हे माहीत असणं यालाच तर ते मास्टर्स म्हणतात.

शेवटी एक काम आहे तुमच्याकडे, खरं तर पत्र लिहायला तेही एक कारण. एम.लिब.च्या लघुप्रबंधासाठी मी आमच्या वाचनालयातल्या तुमच्याच पेपरच्या बांधीव फायलींची सूची केली, १९७२ च्या दुष्काळाबद्दल आमच्या तालुक्याची जी जी बातमी आली ती तारखेने, गावाने आणि विषयाने. खडी फोडायची कामं कुठे निघाली, सुकडी कुठे वाटली, कुठल्या गावाने मोर्चा काढला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली होती त्यापुढे हे म्हणजे चिंचोका, पण गेल्या वर्षभरात तीन कॉलेजची मुलं आणि एक आजोबा त्यासाठी येऊन गेले, आजोबांना त्यांच्या वडिलांचं नाव एका मजुरांच्या बातमीत सापडलं, त्यांनी ते पान मोबाईलवर घेतलं आणि मग तो फोटो नीट आलाय ना हे मला चारदा दाखवलं.

त्यात डिसेंबर १९७२ ची फाईल वाळवीने खाल्लीय, ३ ते १९ तारखेपर्यंत काहीच शिल्लक नाही. तुमच्या संदर्भ विभागात तेवढे अंक असतील तर त्यातल्या आमच्या जिल्ह्याच्या पानांच्या झेरॉक्स किंवा फोटो मिळतील का? झेरॉक्सचे पैसे मी देते. तारखांची यादी सोबत जोडलीय, ती छापू नका, आणि माझं नावही नको.

कळावे,
एक ग्रंथपाल
जि. सोलापूर